सिव्हिक टाइप आर: झूल उतरवली म्हणून एवढी ओरड?

लाल बिल्ला

होंडा सिव्हिक टाइप आर, म्हणजे सिव्हिकची सगळ्यात वेगवान आवृत्ती. 2022 ची, कोड एफएल5. येऊन काही वर्षं झाली, तरी तिचं नाव निघालं की कोणीतरी तोंड वाकडं करतंच: "चांगली आहे हो, पण साधी सिव्हिकच वाटते."

ज्यांनी तिच्या आधीची, म्हणजे 2017 ची एफके8 पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: मागे भलामोठा पंख, छताच्या कडेला शार्कच्या दातांसारखी रांग, बॉनेटवर हवा घ्यायची नाकपुडी आणि बंपरच्या कोपऱ्यांत काळ्या जाळ्या. मागच्या बंपरच्या जाळीत बोट घालून बघा. आत सरळ प्लास्टिकची भिंत लागते. नुसती झूल!

आता नव्या गाडीशेजारी उभे राहा आणि फक्त मागचं दार बघा. जुन्या गाडीत रुंद टायर झाकायला चाकाच्या कमानीवर वेगळी पट्टी बसवली होती, सांध्यावर नख अडकायचं. नवीत मागची दारंच वेगळी आहेत, खास टाइप आरसाठी दाबून काढलेली. दाराच्या पत्र्याला मध्यापासून फुगवटा यायला लागतो आणि तो न तुटता तसाच चाकावर चढतो. इतक्या कमी खपाच्या गाडीसाठी दाराचे वेगळे साचे करायचे म्हटल्यावर कंपनीतल्या हिशेबनीसाला घाम फुटला असणार. आणि आपले लोक म्हणतात, मेहनतच घेतली नाही.

माझ्या मते होंडानं पैसा प्लास्टिकमधून काढून पत्र्यात घातला. पटत नसेल तर या मैदानात.

पंखप्रेमी

आलोच. लालभाऊ, बंद जाळ्यांचं मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्ही सगळं एकाच माळेत ओवलंत. छताच्या कडेचे ते दात हवेला वळण देऊन पंखाकडे पाठवायचे. नाकपुडीतून खरी हवा आत जायची. पंख तर पंखच होता.

आणि मुळात टाइप आर विकत घेणारा माणूस सभ्य दिसण्यासाठी पैसे मोजतो का? एफके8 सिग्नलला उभी राहिली की शाळकरी पोरं रिक्षातून माना बाहेर काढून बघतात. एफएल5 कडे बघायला आधी माहिती लागते. दाराचा फुगवटा कळायला तुमच्यासारखा माणूस शेजारी उभा करावा लागतो! दुरून बघणाऱ्याला दिसतं काय, तर चांगली चाकं लावलेली कुटुंबाची गाडी.

घड्याळजी

दिसण्यावर रात्र काढाल दोघं. आकड्यांवर या.

न्यूर्बुर्गरिंग, म्हणजे गाड्यांचा वेग जोखायचा जर्मनीतला ट्रॅक. एफके8, 2017, 7 मिनिटं 43.80 सेकंद. एफएल5, 2023, 7 मिनिटं 44.881. म्हणजे नवी गाडी हळू? हाच गैरसमज सगळीकडे फिरतोय. जुनी वेळ 20.6 किलोमीटरच्या फेरीची, नवी 20.832 ची. मधल्या काळात मोजायची पद्धत बदलली आणि दोनशेवर मीटर वाढले. तेवढं अंतर कापायला लागणारे सेकंद वजा करा, नवी सरळ पुढे आहे.

याच पूर्ण फेरीवर प्रतिस्पर्धी रेनो मेगान ट्रॉफी-आरची 2019 ची वेळ होती 7:45.389. तिला एफएल5 नं अर्ध्या सेकंदानं मागे टाकलं, आणि त्या मेगानमधून वजन कमी करायला मागची सीटच काढून टाकलेली होती. आता तरी "साधी सिव्हिक" म्हणू नका.

पंखप्रेमी

घड्याळजी, त्या फेरीला टायर कुठले होते तेही सांगा की. मिशेलिन कप 2 कनेक्ट, म्हणजे जवळजवळ ट्रॅकचे. रोजचे पायलट स्पोर्ट 4एस नव्हेत.

घड्याळजी

खरंय. लिहायला हवं होतं. पण टायरला वेगळं करून गाडी मोजता येत नाही, आणि टायरच्या बाबतीतही बदल बघा: एफके8 ला 20 इंची चाक आणि 245 मिलिमीटर रुंद टायर, एफएल5 ला 19 इंची चाक आणि 265 चा. चाक लहान, रबर जास्त. दिखाव्यासाठी डिझाइन करणारा माणूस नेमकं उलटं करतो.

बी-सोळा

पोरांनो, तुम्ही कपड्यांवरून भांडताय.

1997 ची ईके9, पहिली सिव्हिक टाइप आर. 1.6 लिटर, टर्बो नाही, 185 घोडे, तेही 8200 आरपीएमला. वजन 1100 किलोच्या आत. घोडे हवे असतील तर आरपीएमची सुई वर नेऊन कमवावे लागायचे. 2015 ला टर्बो आला आणि टाइप आर पाय ठेवताच पळायला लागली. एफके8 काय आणि एफएल5 काय, इंजिन तेच 2 लिटरचं. युरोपात 320 चे 329 झाले, टॉर्क 400 चा 420. नऊ घोड्यांसाठी केवढा हा धागा! आरपीएमची लाल पट्टी सात हजारालाच. वजन 1400 च्या वर.

तुमचं ते दार किती का सुंदर असेना, त्याच्या आतला जीव दहा वर्षांपूर्वीच बदलला.

तिसरं पेडल

बी-सोळा काका, तुमच्या इंजिनाला माझा साष्टांग दंडवत. पण आजचे धुराचे नियम लावले तर ते शोरूमच्या दारातच अडकेल. टर्बोवाल्यांचीही तीच गत झाली. युरोपात याच नियमांपायी टाइप आरला निरोप द्यावा लागला, 40 गाड्यांची शेवटची खास आवृत्ती काढून. त्यामुळे आपण कशाशी तुलना करतोय याचं जरा भान ठेवू या.

मी दोन्ही चालवल्यात, एकाच दिवशी, एकाच घाटात. (दोन्ही मित्रांच्या. पेट्रोल मी भरलं.) पंख, जाळ्या, दार, यातलं काहीही आत बसल्यावर दिसत नाही. अपवाद एकच: एफके8 च्या आरशात पंख मध्येच आडवा येतो.

हाताला काय लागतं ते सांगतो. गिअरची मूठ ॲल्युमिनियमची. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी घेतली आणि पहिल्या गिअरला हात टाकला, तर चटका बसून "आई गं" निघालं. रुमाल गुंडाळून तिसऱ्यापर्यंत गेलो. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना त्या दांड्याचा जो टक्क होतो ना, तो नव्या गाडीत अजून आखूड आणि घट्ट वाटला. एफके8 मध्ये मी वळणाआधी जरा बिचकत होतो, नवीत बिचकलो नाही. हे आकड्यात कसं लिहायचं मला माहीत नाही. आणि काका, ऑटोमॅटिक अजूनही मिळत नाही. फक्त सहा गिअर आणि क्लच. गिअर खाली टाकताना इंजिन आपोआप आरपीएम जुळवतं, तेही बंद करता येतं.

बी-सोळा

बंद केलं होतंस का?

तिसरं पेडल

...नाही.

लाल बिल्ला

काका, एक शून्य. :)

पंखप्रेमी, खोट्या जाळीवरून आठवलं. दोन्ही गाड्यांना मागे मधोमध तीन नळकांडी आहेत. एफके8 ची मधली नळी बाजूच्या दोघींपेक्षा बारीक, तिचं मुख्य काम गाडीच्या आतली घुमघुम कमी करणं. एफएल5 मध्ये मधलीच सगळ्यात मोठी, आत झडप, आणि इंजिन चढलं की ती उघडते. म्हणजे तुमची गडबड्या गाडी आतून आवाज दाबत होती, आणि माझी "सभ्य" गाडी घसा मोकळा करते. तसंच बॉनेटचं. तुमची नाकपुडी हवा आत घ्यायची. माझ्या गाडीत रेडिएटरमधून तापून आलेली हवा बॉनेटमधून बाहेर पडते.

पंखप्रेमी

नळीचं माहीत नव्हतं, मान्य. घाटातलंही मान्य. नवी गाडी जास्त चांगली आहे, हे मी कधीच नाकारलं नाही, वर जाऊन वाचा.

पण माझ्याकडे एफके8 आहे. दर रविवारी कमानीच्या त्या सांध्यातला चिखल मी जुन्या टूथब्रशनं काढतो, मग दातांच्या रांगेतला, मग जाळ्यांतला, बंद आहेत त्यांतलासुद्धा. दोन तास जातात. तुमच्या त्या अखंड दारावरून फडकं एकदा फिरवलं की संपलं. मग उरलेला रविवार करता काय?