शब्दचर्चा : 'क्लू'ला मराठीत काय म्हणता? (रेडिओवरचा होम्स ऐकता ऐकता)

रात्रपाळी :
मंडळी, मदत हवीये. आमच्याकडे सध्या जेवणं आटपली की बीबीसी रेडिओ फोरची जुनी डिटेक्टिव्ह नाटकं ऐकायचा सपाटा चाललाय. सुरुवात शेरलॉक होम्सपासून केली, क्लाइव्ह मेरिसन होम्स आणि मायकल विल्यम्स (ज्युडी डेंचचा नवरा) वॉटसन, १९८९ ते १९९८ मधे डॉयलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ च्या ५६ कथा रेडिओवर केल्यात, एकही सोडलेली नाही, आणि विल्यम्सचा वॉटसन ऐकल्यावर जुन्या सिनेमातले ते बावळट वॉटसन बघवत नाहीत. त्यानंतर अगाथा ख्रिस्तीचे दोन डिटेक्टिव्ह, जॉन मोफटचा पॉयरो आणि जून व्हिटफील्डच्या मार्पलबाई. सासूबाईंना इंग्लिश चांगलं कळतं पण ही मंडळी भराभर बोलायला लागली की शब्द निसटतात, मग मी पॉज करून मराठीत सांगते आणि तिथेच घोडं अडतं. क्लूला 'पुरावा' म्हटलं तर त्या म्हणाल्या, पुरावा मिळाला ना, मग अजून अर्धा तास काय करतायत हे लोक? मुद्दा बिनतोड. तर क्लू, रेड हेरिंग (भलतीकडे नेणारी गोष्ट), ॲलिबाय (गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा दावा), इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) ह्यांना बोलताना चटकन तोंडात येतील असे शब्द सुचवा, परिभाषाकोशातले नकोत. आणि ह्या प्रकाराला मुळात श्रुतिका म्हणायचं की नभोनाट्य?

जुना_ट्रान्झिस्टर :
आमच्या पिढीला श्रुतिका म्हटलं की 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीना वहिनी आठवतात, म्हणजे छोटा, घरगुती, बराचसा हसवणारा प्रकार. नभोनाट्य म्हणजे ऐसपैस बसून ऐकायचं, पात्रं भरपूर, पार्श्वसंगीत, सगळा थाट. अर्थात हा काही नियम नव्हे, कानाची सवय. त्या हिशोबाने होम्सच्या कथा श्रुतिका आणि बास्करव्हिल्सचा कुत्रा नभोनाट्य. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९४७ मधे राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त बीबीसीसाठी 'थ्री ब्लाइंड माइस' लिहिली ती अर्ध्या तासाची, म्हणजे पक्की श्रुतिकाच, आणि तिचंच वाढवून 'माउसट्रॅप' झालं जे १९५२ साली लंडनमधे लागलं ते अजून चालू आहे. लोक नाटकाची श्रुतिका करतात, बाईंनी श्रुतिकेचं नाटक केलं.
फक्त 'अभिवाचन' म्हणू नका याला. अभिवाचनात हातात कागद असल्याचं श्रोता गृहीत धरतो, इथे कागद ऐकू आला तर ज्याने सळसळवला त्याची धडगत नाही.

फुकटचा_सल्ला :
क्लूला 'धागा' म्हणा ना सरळ, रोज पेपरात वाचतो की आपण, 'पोलिसांच्या हाती महत्त्वाचे धागेदोरे'. आणि गंमत म्हणजे इंग्लिश क्लू हा शब्दसुद्धा मूळचा सुताच्या गुंडीचाच आहे, ग्रीक पुराणातला थिसियस भूलभुलैयातून दोरा धरून बाहेर आला ती गुंडी. तेव्हा धागेदोरे एकदम फिट्ट.
पण एकाच शब्दाने भागणार नाही हेही खरं. नुसती कुणकुण आली तर सुगावा, चिखलातल्या बुटांवरून निघाला तर माग, दोन गोष्टी जोडतो तो दुवा, आणि कोर्टात टेबलावर ठेवता येतो तो पुरावा. होम्स पहिल्या १० मिनिटात सुगाव्यावर असतो, पुराव्यावर येतो तेव्हा म्युझिक वाजायला लागलेलं असतं.

खडीसाखर :
@फुकटचा_सल्ला, होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' कथेतलं कुत्रं ह्यात कुठे बसतं? रात्री तबेल्यातून घोडा गेला आणि कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे नेणारा ओळखीचाच. हा ना माग, ना दुवा, ना पुरावा. काही झालंच नाही हाच क्लू!

फुकटचा_सल्ला :
ती 'गोम'. 'ह्यात काहीतरी गोम आहे' म्हणतो बघा आपण, किंवा 'मेख'. पाणी मुरतंय हे कळतं, कुठे ते कळत नाही. माझ्या मते इंग्लिशपेक्षा मराठीची चंगळ आहे इथे, पाल चुकचुकते, काळंबेरं दिसतं, मग गोम सापडते.
आणि ते कुत्रं रेडिओवाल्यांसाठी किती अवघड असणार विचार करा. भुंकणं ऐकवता येतं हो, न भुंकणं कसं ऐकवणार? शेवटी कुणाच्या तरी तोंडून वदवायलाच लागतं. पुस्तकात निदान मागचं पान उलटून बघता येतं.

खारा_वारा :
रेड हेरिंगसाठी आमच्या कोकणातला 'चकवा' घ्या. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्याच आंब्याखाली येतो, रहस्यकथेत आपलंही तेच होतं, तिसऱ्यांदा त्या पुतण्यावर संशय!
बाकी हेरिंग म्हणजे मासा हे सांगायला नकोच, मीठ लावून धुरी दिली की लालसर होतो आणि घमघमाट सुटतो. विल्यम कॉबेट नावाच्या पत्रकाराने १८०७ मधे गोष्ट लिहिली की लहानपणी त्याने शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवायला असा मासा वापरला, तिथून 'भलतीकडे नेणारी वस्तू' हा अर्थ रूढ झाला म्हणतात. कुत्र्यांचं माहीत नाही, पण आमच्याकडे खारा बांगडा चुलीत टाकला तर अख्खी वाडी मागावर येते.

रात्रपाळी :
चकवा आवडला. पण 'हूल' पण चालेल ना? हूल देणे?

खारा_वारा :
चालेल पण फरक आहे ताई. हूल कुणीतरी मुद्दाम देतं, चकवा लागतो. खुनी माणूस दुसऱ्याचा रुमाल प्रेताजवळ टाकून जातो ती हूल. आणि ती नर्स बिचारी उगाच घाबरल्यासारखी बोलते, नंतर कळतं तिची वेगळीच भानगड होती, तो चकवा. त्यात तिचा दोष नाही, लेखिकेचा आहे.

काळा_कोट :
ॲलिबायला कोर्टात आम्ही ॲलिबायच म्हणतो, लिहिताना 'घटनेच्या वेळी अन्यत्र हजर असल्याचा बचाव' वगैरे. मूळ लॅटिनमधे अर्थच 'दुसरीकडे'. १८७२ च्या पुरावा कायद्यात ११ व्या कलमाखाली उदाहरणच होतं, गुन्हा कलकत्त्यात झाला आणि त्या दिवशी माणूस लाहोरला होता. तुम्ही सासूबाईंना सांगताना 'तो म्हणतो मी तिथे नव्हतोच मुळी' एवढं वाक्य सांगा, पुरे. फक्त 'सबब' म्हणू नका, सबब म्हटली की ती खोटी असल्याचा वास आधीच येतो.
इन्क्वेस्ट मात्र दोन ठिकाणी दोन प्रकार. आपल्याकडे पोलीस आसपासच्या दोन किंवा जास्त जणांना बोलावून मरणोत्तर पंचनामा करतात, पेपरात 'अकस्मात मृत्यूची नोंद' येते. ख्रिस्तीबाईंच्या नाटकात असतो तो कोरोनरचा (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) इन्क्वेस्ट, ज्युरी, साक्षीदार, गावातली झाडून सगळी बायामाणसं हजर, आणि निकाल 'अज्ञात व्यक्तीकडून खून'. त्याला पंचनामा म्हटलं तर सगळी मजाच जाते. मुंबईकर जुने लोक 'कोरोनर कोर्ट' म्हणायचे, १९९९ पर्यंत होतंच ते मुंबईत. तोच शब्द वापरा.

खडीसाखर :
माझी एक जुनी तक्रार मांडून घेते, होम्सला 'गुप्तहेर' म्हणणं बंद करा. बेकर स्ट्रीटचा पत्ता सगळ्या लंडनला माहीत, राजेरजवाडे जिना चढून येतात, मित्र मासिकात गोष्टी छापतो, ह्यात गुप्त काय आहे? गुप्तहेर म्हणजे शत्रूच्या गोटात वेष बदलून जाणारा बहिर्जी नाईक. (होम्स वेष बदलतो हे मान्य, वाद नको.) बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू वाचणाऱ्यांना 'डिटेक्टिव्ह' शब्द कधी अडला नाही, आपल्यालाच शुद्ध मराठीचा उमाळा येतो.

जुना_ट्रान्झिस्टर :
सहमत. पण पाट्यांवर 'खासगी गुप्तहेर' इतकं रुळलंय की आता ते परतणं कठीण.
मला दुसराच प्रश्न पडतो, होम्स-वॉटसन मराठीत बोलले तर अरे-तुरे की अहो-जाहो? काही अनुवादात 'वॉटसन, तुम्ही पाहता पण निरीक्षण करत नाही' वाचलं की ऑफिसात मेमो दिल्यासारखं वाटतं.

फुकटचा_सल्ला :
अरे-तुरेच! त्या काळच्या इंग्लिश पुरुषांत नुसत्या आडनावाने हाक मारणं हीच जवळीक होती, आणि आपल्या होस्टेलवर काय वेगळं होतं, 'ए कुलकर्ण्या, चहा टाक'. मेरिसन ज्या तऱ्हेने 'वॉटसन!' अशी हाक मारतो ना त्यात निम्म्या वेळा हे 'कुलकर्ण्या'च ऐकू येतं. उलट पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला 'तुम्ही', कारण होम्सला त्याचा अपमान करायचा असतो आणि अपमान अहो-जाहोत जास्त लागतो.

रात्रपाळी :
😂 हे सासूबाईंना वाचून दाखवते.
आता खरी अडचण. (ज्यांनी होम्सची 'स्पेकल्ड बँड' वाचली नाहीये त्यांनी इथून पुढे वाचू नका, १८९२ ची कथा आहे तरी सांगितलेलं बरं.) मरताना बहीण ओरडते 'द बँड! द स्पेकल्ड बँड!' आणि बँड म्हणजे पट्टाही आणि टोळीही, बाहेर बागेत जिप्सींचा तळ पडलेला, म्हणून सगळे टोळीच्या मागे, आणि शेवटी तो पट्टा म्हणजे सावत्र बाप डॉक्टर रॉयलॉटने सोडलेला ठिपक्यांचा साप निघतो. मी 'ठिपक्यांचा पट्टा' म्हटलं तर जिप्सी बादच झाले, 'टोळी' म्हटलं तर शेवट जुळेना, आणि 'बँड' तसाच ठेवला तर लग्नाची वरात येते डोळ्यासमोर.

खारा_वारा :
'पट्टेरी' तर अजिबात म्हणू नका, पट्टेरी मण्यार नावाचा साप आहेच आपल्याकडे, कोकणातला श्रोता पहिल्या मिनिटाला 'जनावर हा' म्हणून मोकळा. बाकी डॉयलने ज्याला हिंदुस्थानातला सगळ्यात विषारी साप म्हणून 'स्वॅम्प ॲडर' म्हटलंय तो हिंदुस्थानात काय कुठेच नाही, आणि सापाला शीळ घालून परत बोलवायचं म्हणजे तर कहरच, हवेतलं ऐकायला त्याला बाहेरचा कान तरी कुठे असतो. पण ऐकताना अंगावर काटा येतो तो येतोच.

खडीसाखर :
'फड' कसं वाटतं? बागेत जिप्सींऐवजी तमाशाचा फड उतरलाय असं करा, आणि ती मरताना म्हणते 'फड... ठिपक्यांचा फड...' म्हणायचं असतं 'फडा', पण शेवटचा आ तोंडातच राहतो. कथेत त्या सापाची मान फुगलेली आहे असं आहेच, म्हणजे फडा चालून जातो. छापलं तर लगेच पकडलं जाईल पण रेडिओवर फड आणि फडा यात श्वासाचा फरक!

काळा_कोट :
अफलातून. फक्त कथा घडते त्या इंग्लंडच्या सरे परगण्यात तमाशाचा फड कुठून आणणार? सगळी कथाच साताऱ्याला हलवायला लागेल, डॉक्टर रॉयलॉटचा वाडा, जमीनजुमला, सावत्र मुली.

खडीसाखर :
हलवू की. तो कलकत्त्याला डॉक्टरकी करून आलेलाच आहे, साताऱ्याला त्याला काय अवघड.

जुना_ट्रान्झिस्टर :
ही कथा रेडिओसाठीच जन्मली आहे असं माझं मत. बघा ना, सगळं काळोखात आणि सगळे क्लू कानाचे, पहाटे तीनची हलकी शीळ, आणि मग लोखंड पडल्यासारखा आवाज. इथे शब्द जपून घ्या. 'शिट्टी' म्हणालात तर कुकर किंवा हवालदार, तोंडाने हळू घालतात ती 'शीळ'. आणि तो दुसरा आवाज तिजोरीच्या दाराचा, तर 'खणकन' नको, खणकन पैसा पडतो नाहीतर वाटी. जाड लोखंडाचा 'ठाण्‌' असा एकच ठोका.
ह्या बाबतीत बीबीसीवाले फार नेकीने वागतात. पॉल टेंपल ह्या रेडिओवरच्या डिटेक्टिव्हच्या जुन्या बऱ्याच टेपा उरल्याच नव्हत्या, तर २००६ पासून त्यांनी त्याच जुन्या संहिता घेऊन जुन्याच थाटात मालिका परत केल्या, तीच आगगाडीच्या ठेक्यावरची 'कॉरोनेशन स्कॉट' धून लावून.

रात्रपाळी :
मग अजून एक राहिलं. बड्या बंगल्यासमोर गाडी येते तेव्हा दर वेळी तो खडीचा आवाज, पात्र तोंड उघडायच्या आधी तोच येतो. त्याला खरखर म्हणू की करकर?

खारा_वारा :
बग्गी असेल तर खडखड, मोटार असेल तर चरचर. करकर बिजागरीची. नवीन बुटाचीही करकरच, पण तो माणूस खुनी नसतो, खुनी जुने बूट घालून येतो.