डीएसएल सोडून फायबर घेतलं: पावसात एलओएस लाल, वर रेंज नाही, डीव्हीआर बाहेरून दिसत नाही

सज्जनगड_पायथा (प्रश्न)

सातारा, शहराबाहेरची वसाहत. आरसीसी घर, तळमजला आणि वर एक मजला. तांब्यावरचं डीएसएल होतं, आता जीपॉन फायबर (एकाच फायबरचा उजेड अनेक घरांत वाटला जातो ते) घेतलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा. ओएनटी (फायबरचा घरातला मॉडेम) ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वायफायचा, आहे, तळमजल्यावर टीव्हीच्या मागे बसवलाय. अडचणी अशा:

१. पाऊस लागला की एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल होतो आणि नेट जातं. उघडीप मिळाली की आपोआप येतं. लाईनमन येतो तेव्हा नेमकं सुरू असतं, मग तो रीस्टार्ट करून जातो.
२. लॅपटॉपला केबल लावली तर ९४ च्या पुढे स्पीड जात नाही. वरच्या खोलीत मोबाईलवर १२ ते १५.
३. डीव्हीआर (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आधी पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी त्याच्याकडे वळवून, बाहेरून दिसायचा. तेच सेटिंग इथे केलं, दिसत नाही.
४. लँडलाईन आता ओएनटीलाच जोडलीय. वीज गेली की फोन मुका. जुनी लाईन अजून सरेंडर केलेली नाही, करू का?

---

जोडणी_पेटी

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, बाकीचं इथले लोक सांगतील.

एलओएस लाल म्हणजे ओएनटीपर्यंत उजेड पोचत नाही. रीस्टार्टने त्यात काही फरक पडत नाही. नुसता पॉनचा दिवा लुकलुकत असेल आणि एलओएस विझलेला असेल, तर उजेड येतोय पण पलीकडच्या ओएलटीवर (कंपनीच्या बाजूच्या यंत्रावर) नोंदणी होत नाहीये. तक्रार करताना यातलं नेमकं काय होतं ते सांगा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

आता आकडा काढा. ओएनटीचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१, लॉगिन मागच्या स्टिकरवर असतं) आणि स्टेटसमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन माहिती बघा. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे पोचलेल्या उजेडाची ताकद, डीबीएम या एककात दिसते, उणे चिन्हासह. उणे २० हा आकडा उणे २७ पेक्षा चांगला. नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या ओएनटीची हद्द उणे २७ असते. त्याखालीही काही काळ चालतो, पण भरवसा नाही. उणे ८ च्या वर गेला तर उजेड जास्त होऊन डोळे दिपतात, पण ते घरगुती लाईनवर क्वचितच घडतं.

किती यायला हवं याचा हिशोब सोपा आहे. ओएलटीतून साधारण ३ डीबीएम निघतात असं धरा. वाटेत १:८ चे (उजेड आठ वाटांत वाटणारे) दोन स्प्लिटर असतील तर प्रत्येकी साडेदहा डीबी, म्हणजे २१ गेले. फायबर किलोमीटरला पाव ते एकतृतीयांश डीबी खातं, म्हणजे तीन किलोमीटरला जेमतेम एक. जोड आणि कनेक्टर मिळून दीड. उणे २० ते २१ च्या आसपास आकडा यायला हवा. उणे २६ दिसत असेल तर पाच-सहा डीबी कुठेतरी सांडताहेत.

आरएक्स एकदा कोरड्यात आणि एकदा पावसात बघून ठेवा. शिवाय त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याचा आकडा मिळाला तर निम्मं काम झालं. त्याचा चांगला आणि तुमचा वाईट असेल तर दोष खांबापासून तुमच्या घरापर्यंतच्या ड्रॉप केबलमध्ये. दोघांचाही वाईट असेल तर स्प्लिटर किंवा त्याच्या मागची मुख्य केबल.

आणि हो, प्लग काढून फायबरच्या टोकात डोळा घालू नका. १४९० नॅनोमीटरचा लेझर दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी नाही.

---

खालचा_राउटर

दुसऱ्याचं उत्तर: ९४ हा दोष नाही. लिंक १०० एमबीपीएसवर जुळली की पॅकेटचा वरखर्च वजा जाऊन हातात ९४-९५ च पडतात. प्लॅन १०० चा असल्याने तुमचं नुकसान नाही. उद्या ३०० चा घेतलात तर मात्र दोन गोष्टी तपासा. एक, ओएनटीचे सगळे पोर्ट गिगाबिट नसतात, स्वस्त मॉडेलात एखादाच असतो. दोन, केबलच्या आठही तारा जोडलेल्या हव्यात. १०० ला चार पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली तरी नेट चालतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

वरच्या मजल्याचं म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झ स्लॅब ओलांडताना दमतो. मग मोबाईल २.४ वर उतरतो आणि तिथे शेजारपाजारच्या राउटरची गर्दी. चॅनल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ओएनटी टीव्हीच्या पाठीमागून तरी काढा, पत्र्याआड लपलेला वायफाय काय देणार. तेवढ्याने थोडा फरक पडेल, फार नाही.

खरा उपाय म्हणजे एक कॅट सिक्स केबल वर नेणे. घेताना पूर्ण तांब्याची मागा. दुकानात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल सर्रास गळ्यात मारतात. वर कुठलाही जुना ड्युअल बँड राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा: आधी त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, मग केबल वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये घाला. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच, चॅनल वेगळा. वॅनमध्ये घातलीत तर वरचे मोबाईल वेगळ्या नेटवर्कमध्ये जातील आणि खालचा प्रिंटर सापडणार नाही. रिपीटर घेऊ नका. दुबळा सिग्नल पुढे ढकलताना तो वेग निम्मा करतो.

---

बंद_पोर्ट

डीव्हीआर: ओएनटीच्या पानावर वॅन आयपी (कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि बाहेरून आलेली हाक तुमच्या ओएनटीपर्यंत येतच नाही. १० ने सुरू होणारा असला तरी तेच. पोर्ट फॉरवर्डवर वेळ घालवू नका. डीव्हीआरमध्ये पीटूपी किंवा क्लाउड (उत्पादकाच्या सर्व्हरमार्फत जोडणं) चालू करून उत्पादकाच्या ॲपने क्यूआर स्कॅन करा, घरगुती वापराला पुरतं. थेटच जोडायचं असेल तर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता). तो घेतलात तर डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आधी बदला, पोर्ट मग उघडा.

फोन: तांब्यावर एक्स्चेंजमधूनच वीज यायची, फायबरमधून येत नाही. ओएनटीला मिनी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का, किती अँपिअर आणि पिन कुठली, ते वाचून घ्या. एमएएचचे मोठे आकडे बघू नका, वॅट-तास बघा. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ३७ वॅट-तास. ओएनटी १० वॅट खात असेल तर वाया जाणारं धरून तीन तास. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे ओएलटीला बॅकअप असेल तर वसाहत अंधारात असतानाही फोन लागेल.

जुनी लाईन: इतक्यात काढू नका, पावसाचा दोष आधी मिटू दे. नंबर कुठे आहे तेही बघा. त्याच कंपनीच्या फायबरवर गेला असाल तर नंबर पुढे चालू ठेवता येतो. कंपनी बदलली असेल तर मोबाईलसारखी पोर्टिंगची सोय लँडलाईनला नाही, म्हणजे आत्ता तुमच्या ओएनटीवर नवा नंबर असणार. बँक, गॅस, सगळीकडे जुना बदलून मगच सरेंडर. मॉडेम परत केल्याची पावती आणि अनामतीचा अर्ज, दोन्ही लेखी.

---

सज्जनगड_पायथा

वॅन आयपी १००.७० ने सुरू होतोय, म्हणजे डीव्हीआरचं कोडं सुटलं. पीटूपीने दिसला.

आरएक्स कोरड्यात उणे २६.१. पावसात उणे २८.४ पर्यंत उतरताना पाहिलं, मग एलओएस. त्याच खांबावरच्या शेजाऱ्यांचा उणे १९.८, पावसातही तेवढाच. केबल सरकत्या खिडकीच्या फटीतून आत आणलीय. बाहेर भिंतीवर एक जोड आहे, त्यावर काळी टेप गुंडाळलेली.

---

जोडणी_पेटी

मग शोधायला लांब जायला नको. तीन डीबी गेले की उजेड निम्मा होतो, म्हणजे सहा डीबीत तुम्हाला शेजाऱ्याच्या चौथाई उजेड मिळतोय. खांबापर्यंत सगळं ठीक आहे.

पहिला संशय टेपवर. आत बहुधा दाबून बसवलेला फास्ट कनेक्टर असेल. त्यातल्या जेलमध्ये ओल आणि धूळ शिरली की असंच होतं, कोरड्यात तग धरतो, पावसात मान टाकतो. टेप पाणी अडवत नाही, आत आलेलं धरून मात्र ठेवते. दुसरा संशय खिडकीवर. काच सरकवताना केबल चेपत असेल तर तिथेही दोन-तीन डीबी सहज जातात. तिसरा, भिंतीवरच्या डबीत हिरवा प्लग निळ्या अडॅप्टरमध्ये कोंबलेला नाही ना ते बघा. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही नीट टेकत नाहीत आणि घासून खराबही होतात.

लाईनमनला "नेट जातं" असं सांगू नका. दोन्ही घरांचे आकडे, पावसातला स्क्रीनशॉट आणि "ड्रॉप बदलायचा आहे" असं लिहून तक्रार करा, डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या. खांबापासून डबीपर्यंत सलग नवी केबल मागा, मध्ये जोड नको. दोन्ही टोकांना फ्युजन स्प्लाइस (मशीनने काच वितळवून जोड) करायला सांगा. मशीनवर ०.१ डीबीच्या आत जोड बसतो, दाबून बसवलेल्यात अर्धा डीबी नव्यातच जाऊ शकतो. खिडकीऐवजी भिंतीला भोक पाडा, बाहेरून आत चढं, म्हणजे पाणी आत ओघळणार नाही. भोकाआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकू दे. आत उरलेली केबल गुंडाळताना वेटोळं कपाएवढं मोठं ठेवा, खिळ्याला करकचून बांधू नका.

खांबावर स्वतः चढू नका, तिथे विजेच्या ताराही असतात. काम झाल्यावर लाईनमन निघायच्या आत ओएनटीचं पान उघडा. उणे २१ किंवा त्याहून चांगला आकडा दिसला तरच तक्रार बंद करायचा ओटीपी द्या.