खांदेरीची लढाई वर्गात खेळवायची आहे, नियम कुठे कापू?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. मी अलिबागकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. नेव्हल एनसीसीच्या मुलांसाठी १६७९ च्या खांदेरी बेटाच्या लढाईवर एक वॉरगेम तयार करतेय. बेट मराठ्यांकडे, आणि त्याची रसद तोडायला भोवती इंग्रजांची जहाजं. नकाशा, सोंगट्या, फासे, दोन बाजू. मुलं चोवीस, वेळ अडीच तास, वर्गखोली एक.

पहिला प्रयोग परवा केला आणि तो पार फसला. मी चौदा पानं नियम लिहिले होते. कुठल्या तोफेचा पल्ला किती, गलबताचा वेग किती, दारूगोळा किती उरला, सगळं. पहिली खेळी संपायला पन्नास मिनिटं लागली. मागच्या बाकावर एक जण घोरायला लागला. तो माझा दौलतखान, म्हणजे मराठा आरमाराचा सरदार होता.

त्याहून मोठी अडचण म्हणजे माझ्या गणितात दर वेळी इंग्रज जिंकतात. रिव्हेंज या इंग्रज युद्धनौकेच्या तोफांचे आकडे मांडले की मराठ्यांच्या मायनाक भंडारीच्या होड्या दोन खेळ्यांत तळाला जातात. प्रत्यक्षात १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांची चाळीस-पन्नास गलबतं नागावच्या बाजूने एवढ्या झपाट्याने आली, की इंग्रजांना नांगर उचलून सावरायलाही सवड मिळाली नाही. त्यांचं डव्ह नावाचं गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, मराठ्यांनी धरलं. रिव्हेंज तेवढं मागे राहून लढलं. आणि बेट शेवटी मराठ्यांकडेच राहिलं.

आता आकडे फिरवून मराठ्यांना जिंकवू का? मनाला पटत नाही. ज्यांनी सैन्यात असे खेळ पाहिलेत त्यांनी सांगावं.

सुभेदार_संगमेश्वर:
मॅडम, जय हिंद. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २६ वर्षं काढली. आमच्याकडे सँड मॉडेल असायचं. वाळूचे डोंगर, निळ्या लोकरीची नदी, रांगोळीचे रस्ते, भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं जंगल. रात्रभर जागून आम्ही ते बनवायचो आणि सकाळी साहेब काठीने दाखवत विचारायचे, "शत्रू इथे आहे, तुझी कंपनी इथे, आता काय करशील?" चौदा पानं कुणी वाचली नाहीत. नियम एकच, उत्तर उभं राहून द्यायचं.

माझा सल्ला असा की नकाशा टेबलावर नको, जमिनीवर करा, आणि मुलांकडूनच करून घ्या. ज्याने हाताने शेजारचं उंदेरी बेट बनवलं तो उंदेरी कुठे आहे हे जन्मात विसरणार नाही. आणि शिकवणाऱ्याचं तयार उत्तर, म्हणजे आमच्या भाषेत डीएस सोल्यूशन, आधी लिहून खिशात ठेवा. शेवटी ते सांगायचं. नाहीतर पोरं आपापसात भांडत बसतात.

गुहागरकर_आरपी:
ताई, मी नौदलात रडार प्लॉटर होतो. बावीस वर्षं, त्यातली शेवटची चार एका प्रशिक्षण संस्थेत, खेळाच्या खोलीत. साहेब लोक डाव खेळायचे, आम्ही प्लॉट राखायचो, म्हणजे कुठलं जहाज कुठे आहे ते काचेवर टिपायचो. त्यामुळे कोण हरतंय ते त्याच्या आधी मला कळायचं.

सुभेदारसाहेबांचं जमिनीचं म्हणणं सोळा आणे खरं. खिशातल्या उत्तराशी मात्र माझं जमत नाही. खिशात उत्तर आहे हे मुलांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि मग ती समुद्राकडे बघायचं सोडून तुमच्या खिशाकडे बघतात.

आधी एवढंच ठरवा, की मुलांनी कुठे अडून बसावं. इंग्रज कप्तानाने रात्री बेटाला लगटून नांगर टाकायचा, की उघड्या पाण्यात राहायचं? लगटून राहिला तर रसद अडते, पण पहाटे किनाऱ्यावरून कुणी आलं तर मोठं जहाज हलवणार कसं? पलीकडे मराठ्यांना रसदेच्या होड्या आज सोडायच्या, की वाट बघायची? या दोन प्रश्नांना ज्याचा उपयोग नाही तो नियम काढून टाका. तोफेला 'लागते, लागेल, लागत नाही' एवढे तीन शब्द पुरेत. दारूगोळ्याचं पान फाडलंत तरी चालेल.

हे तक्त्यांचं दुखणं जुनं आहे. १८२४ मध्ये राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने प्रशियाच्या सैन्यात हा खेळ नेला. १:८००० चा नकाशा, फासे आणि नुकसानीचे तक्ते. पुढे अधिकारी त्या तक्त्यांना कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआने तक्ते बाजूला सारून निवाडा अनुभवी पंचाच्या हाती दिला. खेळ पळायला लागला, पण सगळा भार पंचाच्या सचोटीवर आला.

दुसरं, लपवाछपवी. तुमच्या इंग्रजांना सगळ्या होड्या दिसत होत्या, म्हणून ते जिंकत होते. १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शिकवायला एक खोली मांडली. जमिनीवर तपकिरी लिनोलियम, कडेने कॅनव्हासचे पडदे, पडद्याला छोट्या फटी. अधिकाऱ्याने फटीतून बघायचं, त्याच्या जहाजावरून दिसलं असतं तेवढंच. जहाजांच्या रेघा पांढऱ्या खडूने, पाणबुडीच्या हिरव्या खडूने. हिरवी रेघ फटीतून दिसतच नसे. प्लॉट राखायला नौदलातल्या तरुण मुली होत्या, बऱ्याच जणी विशीच्या आसपासच्या. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन तिथे पाणबुडी होऊन खेळायला बसले. पहिल्या महायुद्धातला हा नावाजलेला पाणबुडीवाला. समोर जॅनेट ओकेल नावाची मुलगी. पाच डाव झाले, पाचही वेळा ॲडमिरल बुडाले. तुम्हाला एक पडदा लागेल, जुनी साडीही चालेल.

आता पंचाबद्दल. हे मी कुठे लिहिलेलं नाही. एका सरावात निळ्या बाजूचा ताफा सामुद्रधुनीतून जाणार होता आणि लाल पाणबुडी वाटेतच दबा धरून होती. तिची जागा माझ्या काचेवर होती, ग्रीस पेन्सिलीने काढलेला लाल त्रिकोण. तिसऱ्या खेळीत निळ्यांचं मुख्य जहाज बुडालं. फासा सगळ्यांदेखत पडला होता. खोलीत कुणी बोलेना, कारण निळ्या बाजूला बसलेले साहेब सगळ्यांत ज्येष्ठ होते आणि अजून जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नव्हती. पंच माझ्याशेजारी आले आणि हळूच म्हणाले, "ती पाणबुडी वीस मैल दक्षिणेला असती तर?" मी ओल्या फडक्याने त्रिकोण पुसला आणि खाली काढला. ग्रीस नीट जात नाही. दिवसभर काचेवर तो फिकट गुलाबी डाग राहिला. साहेब निघताना त्याच्याकडे बघून थांबले, आणि काही न बोलता गेले. जपान्यांनी मिडवेच्या आरमारी लढाईआधी, मे १९४२ मध्ये, हेच केलं होतं. सरावात विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडल्याचं निघालं, ॲडमिरल उगाकींनी त्याचे तीन केले. जूनमध्ये त्यांतली अकागी आणि कागा दोन्ही खरोखर बुडाली.

तेव्हा मराठे हरले तर हरू द्या.

थळचा_कोळी:
ताई, तुमच्या नकाशात पाणी आहे, पण भरती-सुकती आहे का? ती नसेल तर मराठे हरणारच. उंदेरी आणि किनाऱ्यावरच्या थळच्या मधे खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक आहेत. आमची होडी भरतीला तिथून जाते, मोठ्या जहाजाने तिथे शिरायचं नाव काढू नये. ऑक्टोबरात पाऊस सरला की पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी खारा वारा उलटा फिरतो. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला पहाटेचा वारा फुकट मिळतो.

भरतीची वेळ काढायला पुस्तक नको. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे चार पाऊणे तीन. आजाने शिकवलंय. त्या लढाईच्या दिवशी तिथी कोणती होती ते बघा म्हणजे कळेल.

सुरंगी:
दादा, तुम्ही मला दोन रात्री जागवलंत. इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत, आपल्यापेक्षा दहा दिवस मागे. म्हणजे त्यांचा १८ ऑक्टोबर हा आजच्या हिशोबाने २८ ऑक्टोबर. अमावास्येवरून उलटं मोजत गेले तर आश्विन वद्य अष्टमीच्या मागेपुढे येतं. हिशोब ढोबळ आहे, एखादी तिथी इकडेतिकडे. आठ पाऊणे सहा. पहाटे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण! खाडीच्या तोंडावरही पाणी, पाठीला मतलई, आणि सुकती लागली की पाणीही बाहेर ओढणार. कागदांत असं कुणी लिहिलेलं नाही, माझा आपला तर्क आहे. पण 'एवढ्या झपाट्याने कसे आले' या प्रश्नाने मला वर्षभर छळलं होतं.

काल दुसरा प्रयोग केला. नियम दीड पान. रात्रीची खेळी प्रहराची, लढाई जुंपली की घटकेची, म्हणजे चोवीस मिनिटांची. मधे माझी हिरवी इरकल. किनारा मुलांनीच वाळूने केला. इंग्रजांची कप्तान एक मुलगी होती. दुसऱ्या रात्री मी तिला सांगितलं, "उत्तरेला काहीतरी हललं. होडी की खडक, कळत नाही." तिने पाच मिनिटं विचार केला आणि तोफ डागली नाही. ती रसदेची होडी होती. तिसऱ्या रात्री तिने खडकावर दोनदा तोफ डागली.

सुभेदार_संगमेश्वर:
वा! आणि खिशातल्या उत्तराचं काय केलंत?

सुरंगी:
लिहिलं होतं काका, काढलं नाही. खेळ संपल्यावर पाऊण तास पोरंच बोलत होती. तुम्ही म्हणालात तशी भांडलीसुद्धा. एक अडचण राहिलीच. निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे इंग्रज बाजू पहाटेच्या हल्ल्याची वाट बघत बसते.

सुभेदार_संगमेश्वर:
नावं आणि तारीख काढून टाका. निळा देश, लाल देश, बेट 'अ'. तिथी दर वेळी वेगळी द्या, पाऊणपट त्यांची त्यांना करू द्या.

गुहागरकर_आरपी:
हे बेस्ट. ताई, शेवटी जिंकलं कोण?

सुरंगी:
इंग्रज. मराठे सुकती लागल्यावर निघाले आणि निम्मी गलबतं खडपावर अडकली. दौलतखान जागा होता या वेळी, पण त्याने चार पाऊणे पाच केले.

गुहागरकर_आरपी:
आणि फडकं?

सुरंगी:
हातात होतं. नकाशावर चहा सांडला होता, तो पुसला.

थळचा_कोळी:
पोरांना एकदा सुकतीला खडपावर घेऊन या, मी होडी देतो. पाढे पाठ होतील.