उन्हातलं मीटरिंग: पांढरा सदरा करडा का येतो

पर्वतीच्या पायऱ्यांवर काढलेल्या फोटोत पांढरा सदरा करडा आला म्हणून उजेड मोजणारा मीटर बदलायला निघाला आहात, तर थांबा. मीटर ठणठणीत आहे. समोर काहीही असो, तो ते मध्यम करडं धरूनच आकडा देतो. मी तळहातावर मोजतो आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड देतो, कारण तळहात त्या करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. फक्त हातावरचं ऊन आणि माणसावरचं ऊन एकच हवं! सिंहगडावर बुरुजाच्या सावलीत मोजून उन्हातल्या मित्रांचे फोटो काढले होते, स्लाइड फिल्मवर; तिला जास्तीचा उजेड फारसा सोसत नाही. सगळे चेहरे जळले. निगेटिव्ह फिल्म असती तर बरंचसं वाचलं असतं. ताळा करायला सोळाचा नियम आहेच: कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याजवळचं, म्हणजे २०० आयएसओला १/२५० सेकंद.