१ एप्रिलला ऑफिसातल्या चेष्टा कशा टाळायच्या?

रामबागवाला: इंदूरला विजयनगरच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. ३१ मार्चचं क्लोजिंग संपत नाही तोच एप्रिलफूलवाले हजर. माउस बंद, स्क्रीन उलटी, कप टेबलाला चिकटलेला. मला हा दिवस मुळीच आवडत नाही. रजा मिळणार नाही. भांडण न करता काय करता येईल?

जिरावन_जास्त: उठताना विंडोज आणि एल बटण एकत्र दाबून मशीन लॉक करा, निम्मे उद्योग तिथेच थांबतात. माउस मेला तर आधी पालथा करा, सेन्सरवर चिकटपट्टी असते. स्क्रीन उलटी असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्लेमध्ये ओरिएंटेशन ‘लँडस्केप’ करा आणि लगेच ‘कीप चेंजेस’ दाबा. १५ सेकंदांत नाही दाबलं की पुन्हा उलटी, आणि माणसाला वाटतं मशीनच बिघडलं!
खरी डोकेदुखी ऑटोकरेक्टची. ‘साहेब’ लिहिलं की ‘गाढव’ उमटतं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडून ती नोंद डिलीट करा. यादी एक्सेललाही लागू असते, तेव्हा पार्टीला पत्र जाण्याआधी बघाच.

सेव_परमल: अरे भिया, एक दिवस हसून घ्यायचं की! रंगपंचमीला नाही का आपण रंगत?

लोकमान्यनगरकर: रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गेरमध्ये, ज्याला भिजायचं असतं तो आपल्या पायांनी राजवाड्यावर जातो. इथे व्हाउचर तपासत बसलेल्याला पकडतात. इंग्लंडात निदान दुपारी १२ नंतर खोडी काढणाराच मूर्ख ठरतो. तेवढा नियम ३१ तारखेलाच ग्रुपवर टाका, आणि पैसे, खाणंपिणं, गोंद यांना हात लावायचा नाही हेही.
पैशांचं मुद्दाम म्हणतो. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँका ग्राहकांना बंद असतात, म्हणून ‘पेमेंट अडकलं’ ही थाप सहज पचते. स्क्रीनशॉटवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये स्टेटमेंट उघडा.

हळद_कुंकू: गोंदावरून मस्करीची कुस्करी होते. फेविक्विकने बोटं चिकटली तर ओढू नका, कातडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हलके सोडवा. ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरनेही सुटतं, पण डोळ्यांजवळ किंवा जखमेवर नको. कीबोर्डवर तर नाहीच, प्लास्टिक विरघळतं. ओला गोंद कापसाने पुसू नका, कापूस तापून चटका बसतो. पापणी चिकटली तर थेट डॉक्टरांकडे जा.