फॅटी लिव्हर निघालं म्हणून आमरस बंद? आधी आतड्याचं म्हणणं ऐका

दुपारचा_चहा (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी झाली, त्यात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' (यकृतात साठलेली चरबी) निघालं. वय ५१, वजन ५८ किलो, दारूला कधी शिवले नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलं वाक्य टाकलं, "आंबा बंद." त्यापुढचं मला धड ऐकूच आलं नाही. मे महिना आहे. पलंगाखाली दोन पेट्यांची अढी लावली आहे आणि रात्री लाइट घालवला की वास आणखीनच जोरात येतो.

घरी येऊन वाचत बसले. आजवर आपण ऐकलं ते असं: फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, आतड्यातून उचलली जाते, पोर्टल व्हेनने थेट यकृतात पोचते आणि तिथे तिची चरबी होते. पटण्यासारखंच आहे, कारण यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे पाऊण हिस्सा याच वाटेने येतं. पण २०१८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने उंदरांना खुणेचे अणू घातलेली साखर देऊन ती कुठे कुठे जाते याचा माग काढला. डोस लहान असेल (वजनाच्या किलोमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी) तर साधारण ९० टक्के फ्रुक्टोज लहान आतडंच पचवून टाकतं. त्याचं ग्लुकोज आणि काही सेंद्रिय आम्लं होतात, आणि यकृताकडे फ्रुक्टोज असं फारसं जातच नाही. किलोमागे एक ग्रॅम किंवा जास्त दिलं की मात्र आतड्याची ताकद संपते आणि उरलेलं पुढे ओसंडतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. उंदरांना आधी खायला घातलेलं असेल तर आतडं हे काम आणखी चांगलं करतं. म्हणजे आधी पोळी-भाजी, मग रस. आपल्या आज्यांनी पान वाढताना लावलेला क्रम!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की जेवणाबरोबर वाटीभर रस हा गुन्हा नाही. रिकाम्या पोटी गटागटा प्यायलेलं कोल्ड्रिंक हा गुन्हा आहे, आणि त्याबद्दल डॉक्टर चकार शब्द बोलले नाहीत. चहाबरोबरच्या बिस्किटांबद्दलही नाही. बोला.

खडूस_मास्तर

धागा वाचून मजा आली. पण ते उंदीर तुमच्याकडे रस-पुरीला बसलेले नाहीत.

पहिला घोळ डोसात आहे. किलोमागचा उंदराचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. उंदराचा चयापचय किलोमागे आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने चालतो. औषधांच्या चाचण्यांत उंदराचा डोस माणसासाठी काढताना ढोबळमानाने १२ ने भागतात. अन्नाला हाच भागाकार लागतो असं मी म्हणत नाही, पण 'अर्धा ग्रॅम गुणिले माझं वजन' हे गणित करून निर्धास्त होऊ नका.

दुसरं, माणसांवरचं काम उपलब्ध असताना उंदीर कशाला? झ्युरिकमध्ये ९४ निरोगी तरुण पुरुषांवर प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. काही गटांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर पेयांतून दिली, एका गटाला ती पेयं नाहीत. फ्रुक्टोजवाल्यांत आणि साध्या साखरवाल्यांत (साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज) यकृताचा चरबी बनवण्याचा वेग दुप्पट झाला. निव्वळ ग्लुकोजवाल्यांत तसं झालं नाही. ही सडसडीत, धडधाकट पोरं होती, फॅटी लिव्हरची माणसं नव्हेत. आतड्याची ती ढाल इथे कुठे गेली होती?

बागेतला

देवगड. स्वतःची बाग आहे, तेव्हा मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो.

मास्तर, तुमचा झ्युरिकचा प्रयोग पेयांचा आहे. बाटलीतल्या साखरपाण्याचं पाप आंब्याच्या माथी का? आमच्याकडे म्हातारी माणसं रायवळ चोखून खायची. एक आंबा संपायला दहा मिनिटं, कोपरापर्यंत ओघळ, दातांत धागे, शेवटी कोय पांढरी होईस्तोवर सोडायची नाही. ते आणि स्ट्रॉ लावून ओढलेलं ड्रिंक एकच का?

दुपारचा_चहा

@बागेतला, तुमच्या ओघळाला शास्त्राचा आधार आहे! त्याच मंडळींचं २०२० चं काम बघा. ज्या उंदरांच्या आतड्यातलं फ्रुक्टोज फोडणारं एन्झाइम काढून टाकलं, त्यांच्या यकृतात जास्त चरबी बनली. ज्यांच्या आतड्यात ते वाढवलं, त्यांच्यात कमी. आणि तेवढंच फ्रुक्टोज एकदम नळीने पोटात ढकलण्याऐवजी हळूहळू मिळालं तर यकृताला त्रास कमी. किती खाल्लं याच्याइतकंच किती वेगाने खाल्लं हे महत्त्वाचं.

खडूस_मास्तर

मग रायवळ चोखा ना. धागा आमरसाचा आहे. मिक्सरमधून काढलेला, चार आंब्यांचा गर एका पातेल्यात, चमच्याने पाच मिनिटांत फस्त. आता सांगा, आमरस हे फळ की ज्यूस? जागतिक आरोग्य संघटना फळांचा रस 'मोकळ्या साखरेत' धरते, अख्खं फळ धरत नाही. ब्रिटनच्या व्याख्येत तर वाटलेला गरही मोकळ्या साखरेत येतो. त्या हिशोबाने तुमचा आमरस कोल्ड्रिंकच्या बाकावर बसलाय, फक्त जरा घरंदाज दिसतो.

साजूक

सगळे साखरेच्या मागे लागलेत आणि रसावर सोडलेली तुपाची धार कुणालाच दिसत नाही.

फिनलंडमधला २०१८ चा प्रयोग सांगते. ३८ वजनदार माणसांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या. एका गटाला लोणी, खोबरेल तेल, चीज असली संपृक्त चरबी. दुसऱ्याला असंपृक्त, म्हणजे ऑलिव्ह तेल, सुकामेवा यांतली. तिसऱ्याला संत्र्याचा रस, गोळ्या-चॉकलेटं, साखरेची पेयं. यकृतातली चरबी संपृक्तवाल्यांत ५५ टक्क्यांनी वाढली, साखरवाल्यांत ३३ टक्क्यांनी, असंपृक्तवाल्यांत फक्त १५ टक्क्यांनी. म्हणजे साखरेपेक्षा लोण्याने जास्त केलं. हे लिहिताना हात थरथरतोय, कारण माझं सदस्यनाम बघा.

पुरणपोळी_प्रायव्हेट_लिमिटेड

@साजूक, १००० कॅलरी जादा म्हणजे तुपाच्या वाटीवर वाटी. रसावर चमचाभर तूप पडतं, त्याच्या ४०-४५ कॅलरी होतात. हा प्रयोग तुपाविरुद्ध नसून खादाडपणाविरुद्ध आहे. शिवाय तूप-मिरपूड घातल्याशिवाय रस बाधतो असं आमची आजी सांगायची. तिला विचारून फिनलंडला कळवतो.

साजूक

आजी बरोबर म्हणत असेल, पण ती रोज विहिरीतून पाणीही ओढत होती.

सोनोग्राफीवाली

रोज हेच बघते म्हणून थोडं गंभीरपणे लिहिते.

ग्रेड १ म्हणजे लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा जरा जास्त पांढरं दिसलं, इतकंच. ते डोळ्याने ठरवलेलं असतं. दोन डॉक्टर दोन ग्रेड देऊ शकतात, आणि चरबी थोडीच असेल तर सोनोग्राफीला ती दिसतही नाही. खरा प्रश्न चरबीचा नाही, तिच्यामागून येणाऱ्या फायब्रोसिसचा आहे, म्हणजे लिव्हर आतून जून व्हायला लागलंय का याचा. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी (रक्तात मोजतात ती लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स यांवरून काढायचा साधा आकडा असतो, तो शंकास्पद आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी. धागाकर्तीने शुगर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) करून घेतलं का? २०२३ मध्ये या आजाराचं नावच बदललं. आधी 'दारूमुळे नसलेलं' अशी त्याची ओळख होती, आता नावात चयापचयाचा बिघाड आहे. म्हणून हे प्रश्न आधी, आंबा नंतर.

आणि '५८ किलोच तर आहे' यावर विसंबू नका. बंगालमध्ये बीरभूमच्या खेड्यांत १९११ लोकांची पाहणी झाली होती, २०१० मध्ये आली. फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या खाली होता. गरीब, शेतात राबणारी, काटकुळी माणसं. आपल्याकडे दंड बारीक आणि पोट पुढे असा साचा फार, आणि यकृतातली चरबी मुख्यतः येते ती शरीरातल्या चरबीच्या साठ्यातूनच. २००५ च्या एका छोट्या अभ्यासात, अवघ्या नऊ रुग्णांच्या, सुमारे ५९ टक्के तिथून आलेली दिसली, २६ टक्के यकृताने साखरेपासून स्वतः बनवलेली, आणि ताटातल्या तुपातेलाची थेट फक्त १५. म्हणजे मास्तर आणि साजूक दोघं मिळून ज्याच्यावर भांडताय तो निम्माही भाग नाही. कंबरेवर बोला.

खडूस_मास्तर

२६ टक्के हा आकडा लहान नाही. निरोगी माणसात तो फार कमी असतो, फॅटी लिव्हरमध्ये वाढतो, आणि फ्रुक्टोज नेमका तोच नळ सोडतं. आणि तो साठा तरी आभाळातून पडला का? कंबरेवरचीही चरबी आधी कुठल्या तरी ताटातूनच आली.

बाकी फायब्रोस्कॅनचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

बाळंतविडा

माझ्या १४ वर्षांच्या मुलाला हेच निघालंय म्हणून हा धागा श्वास रोखून वाचतेय. २०१९ चा अमेरिकेतला प्रयोग आमच्या कामाचा आहे: ११ ते १६ वयाची फॅटी लिव्हरची ४० मुलं, निम्म्यांच्या घरातून आठ आठवडे मोकळी साखर जवळजवळ हद्दपार, आणि हो, पूर्ण घराचं खाणं बदललं, एकट्या मुलाचं नाही. यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्यांची २१ वरून २०. अख्खी फळं बंद नव्हती. आम्ही घरात ज्यूस, सरबतं, केचप, डब्यातला जॅम थांबवलं. आंबा कापून फोडी देते, दिवसाला एक. रस काढत नाही. तो चिडतो, मग मीही माझ्या वाटणीचा रस सोडला, तेव्हा गप्प बसला.

अवांतर: शाळेच्या गेटबाहेरच्या बर्फाच्या गोळेवाल्याचं काय करायचं, सुचवा.

कांदा_मुळा_भाजी

याच वर्तुळातलं एक नवं काम, २०२५ चं, पुन्हा उंदरांवरचंच (मास्तर, रागावू नका). इन्युलिन नावाचा तंतू खायला घातल्यावर लहान आतड्यातले जिवाणू असे बदलले की फ्रुक्टोज तेच खाऊन टाकू लागले, आणि यकृतातली चरबी उतरली. इन्युलिन कांद्या-लसणात असतं. तेव्हा रसाबरोबर कांद्याची कोशिंबीर घ्या.

बागेतला

रसाबरोबर कांदा? डिलीट करा ही प्रतिक्रिया.

मीच_तो

एवढा अभ्यास करण्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकलं असतं तर? शिकून आलेत ते. इथे सगळे गूगल एमडी.

दुपारचा_चहा

@मीच_तो, डॉक्टरांचं ऐकायचं नाही असं मी कुठे म्हटलं? 'किती' हे विचारायचं राहिलं, ते विचारतेय. 'बंद' हे वाक्य सोपं असतं, पाळलं जात नाही. माझ्या नणंदेला डायबेटिसला भात बंद सांगितला होता. ती गेली सहा वर्षं उभ्याने, ओट्याशी, पातेल्यातूनच खाते.

खडूस_मास्तर

मग 'किती' हेच मोजा. धाग्यात तुम्ही 'वाटीभर' लिहिलंय. तुमची वाटी केवढी? घरात वजनकाटा असेलच.

दुपारचा_चहा

आहे. केकसाठी घेतलेला. आज दुपारी काट्यावर रिकामी वाटी ठेवली, शून्य केलं आणि रोजच्यासारखी भरली. १९० ग्रॅम.

आता हिशोब. आंब्यात १०० ग्रॅममागे साधारण १४ ग्रॅम साखर. तीत मोठा वाटा आपल्या साध्या साखरेचा, तिचं अर्धं पुन्हा फ्रुक्टोजच, तेव्हा सगळं मिळून फ्रुक्टोज ८ ग्रॅमच्या थोडं वर. (हापूस याहून गोड असतो, पण असो.) वाटीला १६ ग्रॅम. मी जेवताना दोन वाट्या घेते. हे धाग्यात लिहायचं राहिलं होतं. म्हणजे ३२. माझ्याच उंदरांच्या नियमाने माझी मर्यादा २९. मास्तरांचा १२ चा भागाकार लावला तर अडीच ग्रॅमसुद्धा नाही, म्हणजे दोन मोठे चमचे रस आणि नमस्कार.

आणि संध्याकाळी फ्रिजमधला उरलेला वाया जाऊ नये म्हणून एक वाटी. तो रिकाम्या पोटी, उभ्याने. नणंदेवर हसले होते. दिवसाचे ५७० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम. झ्युरिकला जाऊन टेकले.

खडूस_मास्तर

वाटीत साखर वरून घालता का?

दुपारचा_चहा

आंबा आंबट निघाला तर चमचाभर. पुढचं विचारू नका.

फायब्रोस्कॅनची वेळ गुरुवारची मिळाली आहे. तोवर संध्याकाळची वाटी बंद, दुपारची एक, तीही चटणीच्या छोट्या वाटीत. ती ७० ग्रॅमची निघाली. दुसरी पेटी शेजारच्या वहिनींकडे पाठवली. त्यांचा निरोप आला, "अगं, आमच्या ह्यांनाही ग्रेड २ निघालंय."

बागेतला

पेटी परत पाठवू नका. पत्ता द्या, बाठ्या लावायला मी घेऊन जातो.