रात्री १३२, सकाळी १६८: मधली साखर आली कुठून?

रंकाळा_फेरी
टाइप २ डायबेटिस, वय ५८, वजन ६० किलो. औषध फक्त मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा. रात्री आठला दोन भाकरी आणि पिठलं. दहाला साखर १३२, सकाळी सहाला १६८, मधे पाण्याशिवाय काही नाही. सकाळची साखर लिव्हरमुळं वाढते म्हणतात, पण एसजीपीटी, एसजीओटी या लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल. मग दोष लिव्हरचा कसा? आणि रात्रीचं जेवणच बंद केलं तर?

बायोकेम_राजारामपुरी
एसजीपीटीवरून हे कळतच नाही. पेशीला इजा झाली की ते रक्तात सांडतं, एवढंच. साखर करणारी एन्झाइमं पेशीच्या आत काम करतात, नेहमीच्या रिपोर्टात त्यांचं नाव नसतं.

उपाशीपोटी लिव्हर मिनिटाला किलोमागं साधारण २ मिलिग्रॅम ग्लुकोज सोडतं, म्हणजे ६० किलोला तासाला ७ ग्रॅम. हे निरोगी माणसातही चालतं, मेंदूला लागतंच. थोडं ग्लायकोजेनमधून, म्हणजे साठवलेल्या साखरेतून येतं, बाकी लॅक्टेट, अलानिन, ग्लिसरॉल अशा साखर नसलेल्या पदार्थांपासून नवं बनतं. दोन्ही वाटा शेवटी ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या एन्झाइमच्या एकाच दारातून बाहेर पडतात. स्नायूत हे एन्झाइम नाही, म्हणून पैलवानाच्या मांडीतलं ग्लायकोजेन मांडीलाच उपयोगी, थेट रक्तात उतरत नाही.

या दारावरचा राखणदार इन्सुलिन. ते फॉक्सओ-१ या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाबाहेर काढतं, मग ग्लुकोज-६-फॉस्फेटेज आणि पेपसीके या साखर बनवणाऱ्या एन्झाइमांची निर्मिती मंदावते. टाइप २ मध्ये हा हुकूम नीट पोचत नाही आणि ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं हॉर्मोन उलट जोर लावत राहतं. त्यात चरबीतून सुटलेली फॅटी ॲसिडं लिव्हरमध्ये येतात, त्यांच्यापासून बनणारं ॲसिटाइल-कोए वाढतं आणि ते पायरुवेट कार्बोक्झिलेज या नवी साखर बनवण्यातल्या एन्झाइमला चेतवतं. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन ही साखर वाढवणारी हॉर्मोनं चढतात. निरोगी माणसात जादा इन्सुलिन ते सावरतं, इथं सावरत नाही.

औषध_कट्टा
आधी आकडे पक्के करा भावा. ग्लुकोमीटर १५ टक्के इकडंतिकडं दाखवू शकतो, त्यामुळं एका रात्रीवर जाऊ नका. तीन दिवस रात्री दहा, पहाटे तीन, सकाळी सहा असं तपासा. हात साबणानं धुऊन, कोरडे करून. बोटाला गूळ लागला असेल तर आकडा खोटाच येणार.

तीनपर्यंत सपाट आणि नंतर चढ, तर पहाटेचाच प्रकार. तीनलाच वर असेल तर जेवणाची वेळ, प्रमाण बघा. ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांना तीनला ७० च्या खाली आकडा आला तर डोस जास्त होतोय, डॉक्टरांना लगेच कळवा. नुसत्या मेटफॉर्मिनवर तसं सहसा होत नाही.

मेटफॉर्मिन नवी साखर बनण्यावरच लगाम घालतं. डोस वाढवायचा तर आधी किडनीचा रिपोर्ट लागतो, त्यातला ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली असेल तर ते देतच नाहीत. तेव्हा मनानं गोळी वाढवू नका.

बायोकेम_राजारामपुरी
जेवणाचं राहिलं. जेवण टाळलं की लिव्हरचं दुकान बंद होत नाही, ग्लायकोजेन संपत जातं तसा नव्या साखरेचा वाटा वाढतो. खरा धोका उपाशीपोटी दारूचा. दारू पचवताना लिव्हरमधलं एनएडी हे रासायनिक क्रियांना लागणारं द्रव्य खर्ची पडतं, लॅक्टेटपासून साखर बनणं अडतं. वर ग्लिमेपिराइड असेल तर पहाटे साखर एकदम कोसळते, आणि साठा रिकामा असल्यानं ग्लुकागॉनचं इंजेक्शनही फारसं चालत नाही. तिथं ग्लुकोजच द्यावं लागतं.